तिकीट कोणाच्या ताब्यात आहे? कर्बरॉससाठी पोर्टेबल लायब्ररी की ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची एपीआय

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्हींवर चालणारं एक क्लायंट सॉफ्टवेअर आहे, त्याचा सर्व्हर लिनक्सवर आहे. ग्राहकांकडे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतले वापरकर्ते आणि मशीन सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) आहे आणि त्यांना सिंगल साइन-ऑन हवंय, म्हणजे सकाळी मशीनवर लॉगिन केलं की आपल्या सॉफ्टवेअरने पुन्हा पासवर्ड मागायचा नाही. हे कर्बरॉस या प्रोटोकॉलने होतं: लॉगिनच्या वेळी एक तिकीट मिळतं आणि पुढे पासवर्डऐवजी त्याच्या जोरावर ओळख पटते. टीममध्ये दोन मतं पडली आहेत. काहींचं म्हणणं, एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाची कर्बरॉस लायब्ररी इन्स्टॉलरमध्येच टाकू, जीएसएस-एपीआयवर, म्हणजे ओळख पटवण्याच्या प्रमाणित फंक्शन-संचावर, कोड एकदा लिहू आणि तिन्हीकडे तोच चालवू. इतरांना विंडोजवर विंडोजची एसएसपीआयच (त्याच कामाची विंडोजची स्वतःची एपीआय) वापरायची आहे, त्यासाठी दोन कोड सांभाळावे लागले तरी त्यांची हरकत नाही.

मी सोळा-सतरा वर्षं हेच काम करतोय आणि यातल्या पहिल्या बाजूने एकदा मनापासून भांडलोही आहे. आज माझं उत्तर स्पष्ट आहे: वापरकर्त्याच्या मशीनवर त्या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमची एपीआय, आणि सर्व्हरवर पोर्टेबल लायब्ररी. कोड किती वेळा लिहावा लागतो यावरून मी हे ठरवत नाही. ज्या गुपिताच्या जोरावर ओळख पटते ते कोणाच्या ताब्यात आहे, एवढंच पाहतो. वापरकर्त्याचं तिकीट ऑपरेटिंग सिस्टिमने मिळवलेलं असतं आणि तिनेच ते सांभाळलेलं असतं. ते मागायला तिच्याच दारात जावं लागतं. सर्व्हरची किल्ली मात्र आपण स्वतः फाइलमध्ये ठेवलेली असते, तिथे मध्ये कोणी नसतं.

आधी एक भीती काढून टाकतो, कारण बऱ्याच टीम तिच्यामुळेच 'सगळीकडे एकच लायब्ररी'कडे झुकतात. विंडोजवर एसएसपीआय आणि लिनक्स सर्व्हरवर जीएसएस-एपीआय असं ठेवलं तर दोघांचं जुळेल का? जुळतं. कर्बरॉस एमआयटीच्या १९८३ साली सुरू झालेल्या अथीना प्रकल्पातून आलं. त्याची पाचवी आवृत्ती आणि जीएसएस-एपीआय या दोन्हींचे आरएफसी, म्हणजे इंटरनेटचे मानक दस्तऐवज, १९९३ सालचे. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० पासून डोमेनच्या लॉगिनसाठी हेच कर्बरॉस घेतलं. एसएसपीआयच्या फंक्शनची नावं वेगळी आहेत, पण तारेवरून जाणारं टोकन तेच असतं. 'इनिशिअलाइज सिक्युरिटी कॉन्टेक्स्ट'ने बनवलेलं टोकन लिनक्सवरचं 'जीएसएस अ‍ॅक्सेप्ट सेक कॉन्टेक्स्ट' बिनतक्रार वाचतं. तेव्हा दोन टोकांना दोन वेगळ्या लायब्ररी असणं हा इथला रोजचा मामला आहे.

आता माझं मत कशामुळे फिरलं ते सांगतो. आमचं एक क्लायंट सॉफ्टवेअर जावात होतं. जावामध्ये जीएसएस-एपीआय आवृत्ती १.४ पासून, म्हणजे २००२ पासून आहे आणि कर्बरॉसचा सगळा प्रोटोकॉल जावातच लिहिलेला आहे. पोर्टेबलपणाचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. आमच्या ऑफिसात ते तिन्ही सिस्टिमवर सुरळीत चालायचं. मग एका सहकारी बँकेत ते बसवलं. पहिल्याच सकाळी काउंटरवरच्या बाईंनी आमच्या टीममधल्या मुलाला विचारलं, "अहो, आत्ताच तर मशीनला पासवर्ड टाकला, आता परत कशाला?" त्यांच्या शेजारच्या मशीनवर मात्र सॉफ्टवेअर न विचारता उघडत होतं.

आम्ही कमांड विंडोत तिकिटांची यादी दाखवणारी 'के-लिस्ट' चालवून पाहिली तर तिकिटं व्यवस्थित दिसत होती. आमचा प्रोग्राम म्हणत होता की तिकीटच सापडत नाही. गोंधळात भर म्हणजे विंडोजची स्वतःची 'के-लिस्ट' आहे, जावासोबत दुसरी येते आणि एमआयटीचं पॅकेज बसवलं असेल तर तिसरी. पाथमध्ये जी आधी असेल ती चालते आणि प्रत्येक जण वेगळ्याच डब्यात डोकावतो. तुम्हालाही कधी असा अनुभव आला, तर आधी पूर्ण पाथ लिहून कोणती 'के-लिस्ट' चालते आहे ते पक्कं करा. आमचा अर्धा दिवस त्यातच गेला.

खरी अडचण वेगळी होती. विंडोजमध्ये तिकिटं एलएसए या लॉगिन सांभाळणाऱ्या प्रक्रियेच्या पोटात असतात. बाहेरचा प्रोग्राम तिकीट मागू शकतो, पण मूळ तिकिटासोबतची (लॉगिनला मिळणाऱ्या टीजीटीसोबतची) सेशन की, म्हणजे ते तिकीट वापरायला लागणारी गुप्त किल्ली, एलएसए सहसा देत नाही, तिच्या जागी शून्यं भरून देते. जावाला तर तीच हवी असते, कारण पुढची सेवा-तिकिटं तो स्वतःच डोमेन कंट्रोलरकडून (तिकिटं देणाऱ्या सर्व्हरकडून) आणायला निघतो. यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) 'अलाउ टीजीटी सेशन की' नावाची किल्ली १ करायची, असा उपाय सगळीकडे सांगितला जातो. आमच्या चाचणीच्या मशीनवर कोणीतरी केव्हाच ती करून ठेवली होती, म्हणून आमच्याकडे सगळं चालत होतं. बँकेत ग्रुप पॉलिसीने (सगळ्या मशीनना एकदम सेटिंग लावण्याच्या सोयीने) ती सगळ्या मशीनवर लावली, तरीही काही मशीन अडूनच राहिली. कारण नंतर कळलं. वापरकर्ता त्या मशीनच्या लोकल अ‍ॅडमिन गटात असेल, तर रजिस्ट्रीत १ असूनही विंडोज साध्या प्रोग्रामला सेशन की देत नाही. शाखेतल्या जुन्या प्रिंटरच्या ड्रायव्हरसाठी काही जणांना अ‍ॅडमिन केलेलं होतं, आणि नेमकी तीच मशीन अडत होती.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की ती रजिस्ट्री किल्ली मागताना आपण ग्राहकाला त्याची सुरक्षा सैल करायला सांगत होतो. सेशन की बाहेर मिळायला लागली की ती आपल्यासारखीच कोणत्याही मालवेअरलाही मिळते. विंडोजने ती लपवली ती याच कारणासाठी. आपल्या कोडच्या सोयीसाठी बँकेच्या मशीनचं दार उघडं ठेवायला सांगणं मला आजही पटत नाही.

शिवाय ते दार आता बंदच होत चाललं आहे. विंडोजचं क्रेडेन्शियल गार्ड हे संरक्षण चालू असेल, तर ही गुपितं वेगळ्या, आभासीकरणाने सुरक्षित केलेल्या भागात राहतात आणि तिथून मूळ तिकीट काढून नेता येत नाही. त्यापुढे रजिस्ट्रीची किल्ली कुचकामी ठरते. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांमध्ये, हार्डवेअर योग्य असेल तर, क्रेडेन्शियल गार्ड आपोआप चालू होतो. म्हणजे तुम्ही आज तिकीट स्वतः उचलणारी लायब्ररी सोबत दिलीत, तर ग्राहकाने मशीन बदलली की त्या दिवशी ती बंद पडेल आणि तुमच्या कोडमध्ये एका ओळीचाही बदल झालेला नसेल. एसएसपीआयला याचा काही त्रास नाही. ती एलएसएलाच सांगते, 'या सेवेसाठी टोकन बनवून दे', आणि तयार टोकन घेऊन येते. गुपित जागचं हलत नाही.

हे फक्त कर्बरॉसपुरतं नाही. यूएसबीच्या फायडो किल्ल्यांशी (लॉगिनसाठी वापरायच्या छोट्या उपकरणांशी) थेट बोलणारे प्रोग्राम विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून अ‍ॅडमिन हक्कांशिवाय चालेनासे झाले, सगळ्यांना विंडोजच्या वेबऑथन एपीआयमधूनच जावं लागलं. लिबफायडो२ ही पोर्टेबल लायब्ररीसुद्धा विंडोजवर आता तोच रस्ता धरते. जावानेही शेवटी तेच केलं: जेडीके १३ मध्ये, २०१९ साली, विंडोजसाठी एसएसपीआयवर बसणारा पूल आला. 'सन डॉट सिक्युरिटी डॉट जेजीएसएस डॉट नेटिव्ह' ही प्रॉपर्टी ट्रू केली की तो वापरात येतो. तो फक्त क्लायंट बाजूसाठी आहे आणि लॉगिन केलेल्या वापरकर्त्याचीच ओळख वापरतो, पण बहुतेकांना तेवढंच हवं असतं. आमची बँक याच मार्गाने सुटली. रजिस्ट्रीची किल्लीही परत काढून घेतली, आणि ती काढली हे मी मुद्दाम त्यांच्या आयटी विभागाला लेखी कळवलं.

मात्र एसएसपीआय घेतली की काम झालं असं समजू नका. तिच्या दोन खोडी आहेत आणि दोन्ही खूप वेळ खातात.

पहिली खोड एनटीएलएमची, म्हणजे विंडोजच्या जुन्या ओळख-पद्धतीची. 'नेगोशिएट' (कर्बरॉस की एनटीएलएम ते स्वतः ठरवणारं) पॅकेज मागितलं आणि सेवेचं नाव अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत नोंदवलेलं नसलं, तर एसएसपीआय काही न बोलता कर्बरॉस सोडून एनटीएलएमवर उतरते. पलीकडे विंडोज सर्व्हर असेल तर तो तेही स्वीकारतो आणि वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागत नाही. तुमचा सर्व्हर लिनक्सवर आहे, त्यामुळे तिथे 'अनसपोर्टेड मेकॅनिझम' अशी चूक दिसेल आणि सगळे सर्व्हरच्या मागे लागतील, तर दोष असेल नाव नोंदवण्यात. ओळखायची सोपी खूण सांगतो. एचटीटीपीच्या ऑथोरायझेशन हेडरमध्ये नेगोशिएट या शब्दापुढे जे बेस-६४ येतं, ते 'टी एल आर एम' या अक्षरांनी सुरू होत असेल तर तो एनटीएलएम. 'वाय आय आय'ने सुरू होत असेल आणि चांगलं लांबलचक असेल, तर कर्बरॉस. मायक्रोसॉफ्टने जून २०२४ मध्ये एनटीएलएमच्या सगळ्या आवृत्त्या कालबाह्य वैशिष्ट्यांच्या यादीत टाकल्या आहेत, तेव्हा त्याच्यावर विसंबून नवीन काही उभं करू नका. एसएसपीआयला ओळख देताना पॅकेज लिस्टमध्ये एनटीएलएमच्या आधी उद्गारचिन्ह लावून तो वगळता येतो. माझ्या मते ते पहिल्या दिवसापासून करावं. मग चूक जिथे आहे तिथेच दिसते.

दुसरी खोड नावांची, आणि इथे दोष दोन्ही बाजूंच्या वेगवेगळ्या सवयींचा आहे. एसएसपीआयला सेवेचं नाव 'एचटीटीपी', मग तिरकी रेघ, मग सर्व्हरचं नाव असं लागतं. जीएसएस-एपीआयला तेच मध्ये अ‍ॅटचं चिन्ह घालून. हा फरक किरकोळ आहे. मोठा फरक पुढे आहे: एमआयटीची लायब्ररी, तुम्ही काही सांगितलं नसेल तर, दिलेल्या नावाचा आयपी पत्ता काढते, मग त्या पत्त्यावरून उलटं नाव शोधते आणि त्या सापडलेल्या नावासाठी तिकीट मागते. विंडोज असं उलटं शोधत नाही, दिलेलं नाव तसंच वापरतं. लोड बॅलन्सरमागे सर्व्हर असेल तर हे हमखास आडवं येतं. आमच्याकडे एका ठिकाणी विंडोजवाले सगळे आत आणि लिनक्सवर काम करणारे चार डेव्हलपर बाहेर, अशी स्थिती होती. एमआयटीचं ट्रेस चालू केलं, म्हणजे 'केआरबी५ ट्रेस' हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल एका फाइलकडे वळवला, तेव्हा तिकीट भलत्याच नावाने मागितलं जातंय हे तिसऱ्याच ओळीत दिसलं. कॉन्फिगरेशनमध्ये 'आरडीएनएस' फॉल्स केल्यावर विषय संपला. लिनक्स क्लायंटसाठी तुमच्या इन्स्टॉलच्या सूचनांमध्ये ही ओळ ठळक टाका.

आता दोन कोड सांभाळण्याची काळजी. ती वाटते तेवढी मोठी नाही, फक्त सांधा योग्य जागी घालायला हवा. दोन्ही एपीआयचा गाभा एकच आहे: सुरुवात करा, टोकन बाहेर द्या, समोरून टोकन आलं की आत द्या, पूर्ण झालं का विचारा, झालं नसेल तर पुन्हा तेच. मी आमच्या कोडमध्ये पाचच फंक्शनचा इंटरफेस ठेवला आहे: सेवेचं नाव देऊन सुरू करणं, एक पायरी पुढे जाणं, संदेश बंद करणं, उघडणं, आणि झाल्यावर साफसफाई. त्याखाली विंडोजची एक फाइल, बाकीच्यांची एक. सांध्याच्या वरच्या कोडला विंडोज आहे की लिनक्स याची गंधवार्ताही नसते. सेवेचं नावही वर दोन वेगळ्या तुकड्यांत ठेवा, सेवा आणि होस्ट. तिरकी रेघ की अ‍ॅटचं चिन्ह, ते खालची फाइल ठरवेल.

एका ठिकाणी मात्र नीट लक्ष द्या. संदेश कूटबद्ध करायचे असतील, तर 'जीएसएस रॅप' एकच सलग गठ्ठा देतं. एसएसपीआयचं 'एन्क्रिप्ट मेसेज' तीन बफर देतं, टोकन, डेटा आणि पॅडिंग, आणि ते याच क्रमाने जोडून पाठवावे लागतात. उलट दिशेने, लिनक्सकडून आलेला सलग गठ्ठा उघडताना तो 'स्ट्रीम' प्रकारच्या बफरमध्ये ठेवायचा आणि शेजारी एक रिकामा 'डेटा' बफर द्यायचा. हे माहीत नसलं की टोकनची देवघेव यशस्वी होते आणि पहिलाच खरा संदेश फुटतो. टीएलएसच्या (एचटीटीपीएसमागच्या कूटबद्ध वाहिनीच्या) आतून बोलत असाल तर कूटबद्ध करण्याचं काम टीएलएसवर सोडा आणि हे दोन फंक्शन लिहूच नका.

मॅकबद्दल थोडक्यात: तिथे ऑपरेटिंग सिस्टिमसोबत हाइमडाल या दुसऱ्या कर्बरॉस लायब्ररीवर आधारलेलं जीएसएस फ्रेमवर्क येतं, तेच वापरा. होमब्रू या पॅकेज मॅनेजरमधून घेतलेली एमआयटीची लायब्ररी मॅकच्या स्वतःच्या साठ्यातलं तिकीट आपणहून पाहत नाही. बाकी इंटरफेस लिनक्ससारखाच, त्यामुळे वेगळी फाइल बहुधा लागणारही नाही.

आणि लिनक्सवर? तिथे 'पोर्टेबल' लायब्ररी हीच स्थानिक लायब्ररी आहे. पण ती डिस्ट्रिब्युशनने दिलेली घ्या, स्वतःची प्रत बायनरीत जोडून देऊ नका. कारण पुन्हा तेच, तिकीट कुठे ठेवलंय ते त्या मशीनलाच ठाऊक असतं. जुन्या पद्धतीत ते टेंप फोल्डरमधल्या फाइलमध्ये असायचं. आता कुठे कर्नलच्या कीरिंगमध्ये असतं, तर कुठे एसएसएसडी या लॉगिन-सेवेच्या केसीएम नावाच्या तिकीट-साठ्यात, फेडोराने तर २०१७ पासून केसीएमच ठेवलं आहे. सोबत दिलेल्या जुन्या प्रतीला यातलं काही माहीत नसतं. दुसरं म्हणजे दुरुस्त्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्बरॉस तिकिटातला पॅक नावाचा भाग वाचणाऱ्या कोडमध्ये गंभीर चूक सापडली, एमआयटी आणि हाइमडाल दोन्हींमध्ये. ज्यांनी डिस्ट्रिब्युशनची लायब्ररी वापरली होती त्यांच्याकडे नेहमीच्या अपडेटबरोबर दुरुस्ती आली. ज्यांनी स्वतःची प्रत दिली होती त्यांना नवा इन्स्टॉलर काढून प्रत्येक ग्राहकाकडे पोहोचवावा लागणार होता.

सर्व्हरच्या बाजूला मी बिनधास्त एमआयटीची बाजू घेतो. कंटेनरमध्ये कोणी सकाळी येऊन लॉगिन करत नाही. तिथे असते ती सेवेची किल्ली, कीटॅब फाइलमध्ये, आणि ती आपलीच असते. एकच काळजी: सेवेच्या खात्याचा पासवर्ड बदलला की किल्लीचा क्रमांक वाढतो आणि जुनी कीटॅब नव्या तिकिटांना नकार देते. उलट नुसती नवी किल्ली ठेवली तर आधीच वाटलेली तिकिटं फुटतात. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत तिकीट सहसा १० तास चालतं, म्हणून बदलाच्या दिवशी जुनी आणि नवी दोन्ही किल्ल्या एकाच कीटॅबमध्ये ठेवा आणि जुनी दुसऱ्या दिवशी काढा.

क्लायंटवरही पोर्टेबल लायब्ररीची गरज पडते अशी एक खरी जागा आहे. मशीन ग्राहकाच्या डोमेनमध्येच नसेल, उदाहरणार्थ पुण्यात घरी बसून स्वतःच्या लॅपटॉपवरून व्हीपीएनने परदेशातल्या ग्राहकाच्या नेटवर्कमध्ये काम करणारा कॉन्ट्रॅक्टर. त्याच्या विंडोजकडे ते तिकीट नसतंच. तो एमआयटीच्या 'के-इनिट'ने स्वतः तिकीट घेतो आणि ते एमआयटीच्याच साठ्यात राहतं. अशांसाठी पुट्टी या एसएसएच क्लायंटची पद्धत मला सर्वात आवडते: एमआयटीची लायब्ररी, विंडोजची एसएसपीआय आणि तुम्ही स्वतः दाखवलेली कोणतीही जीएसएस लायब्ररी, यांचा पसंतीचा क्रम वापरकर्त्याला लावता येतो. पोस्टग्रेस डेटाबेसचं क्लायंट विंडोजवर न सांगता एसएसपीआय वापरतं, आणि 'जीएसएसलिब' या सेटिंगने हवं तर जीएसएस-एपीआयकडे वळतं. तुम्हीही तेच करा: आधी सिस्टिमची एपीआय, आणि मागितलं तर दुसरी, तीही मशीनवर आधीच बसवलेली. तुमच्या इन्स्टॉलरमधून नको.

तुमच्याकडे आज एमआयटीची प्रत सोबत देणारा कोड तयारच असेल, तर वाद घालत बसण्याआधी एक मशीन तयार करा. विंडोज ११ एंटरप्राइज, डोमेनमध्ये जोडलेली, क्रेडेन्शियल गार्ड चालू, रजिस्ट्रीला हात न लावलेला आणि वापरकर्ता लोकल अ‍ॅडमिन गटात. त्यावर आजचा इन्स्टॉलर चालवा, लॉगिन करा आणि सॉफ्टवेअर पासवर्ड मागतं का ते अख्ख्या टीमने एकत्र उभं राहून पाहा.